नावांपुरती जागा

"घाय नका करू, गाणं चालत येतंय."

भागीरथी हे एवढं एक वाक्य जन्मभर बोलत आली. मुहूर्त जवळ आलेला असायचा, भटजी घड्याळ दाखवत असायचे, नवऱ्याचे मामा खुर्ची सोडून उभे राहिलेले असायचे, आणि ही बाई पाटावर मांडी घालून डोळे मिटून बसलेली. पुढ्यात तांब्याचा कलश आणि सुपात तांदूळ. कुणी म्हणालं, "म्हातारे, आटप की गो," तर डोळे न उघडता हेच वाक्य यायचं. मग दूरच्या गावाहून पाहुणा यावा तसं गाणं यायचं. आधी बांधावर दिसायचं, मग अंगणात, मग एकदम मांडवाच्या मधोमध.

भागीरथी कळव्याच्या खाडीकाठची धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवळे गाणारी बाई. हळदीचा धवळा वेगळा, मांडवाचा वेगळा, पाठवणीचा वेगळा. ते गायल्याशिवाय त्यांच्या कोळवाड्यात लग्न पुरं झालं असं कुणी मानत नसे. प्रत्येक धवळ्यात नवरीचं आणि नवऱ्याचं नाव गुंफावं लागे, आणि तिथे भागीरथीचा नेम कडक होता. मांडव घातल्याशिवाय ती कुणाचं नाव गाण्यात घेत नसे. "नाव गाण्यात घेतलं का लगीन लागलं," ती म्हणायची. "मग ते मना उलटं करता येत नाय."

हे सगळं तिची सून सगुणा वीस वर्षं ऐकत होती. ऐकत होती म्हणजे कानावर पडत होतं. पहाटे धक्क्यावर जायचं, मासळी घ्यायची, बाजारात बसायचं, दुपारी घरी येऊन चूल पेटवायची. सासू म्हणायची, "बस गो माझ्या बाजूला, चार धवळे शिकून घे." सगुणा म्हणायची, "बसते आये, हे मासळीचे वाटे लावून होऊ देत." वाटे कधी लावून झालेच नाहीत.

एकोणीसशे नव्वद सालच्या फाल्गुनात भागीरथीच्या घशात गाठ निघाली. ठाण्याच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं. सगुणाचा नवरा दामाजी याला त्यांनी बाजूला घेतलं, पण सगुणाही मागोमाग गेलीच.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण आवाज राहील असं मी सांगत नाही. तोवर जास्त बोलू देऊ नका."

वैशाखात तिच्या एकुलत्या पोरीचं, शीलाचं लग्न होतं. डोंबिवलीच्या खाडीकडचा मधू नावाचा मुलगा, रेल्वेच्या वर्कशॉपात लागलेला. गावातल्या दोनशे पोरींच्या लग्नात गायलेली आजी, आणि स्वतःच्या नातीच्या मांडवात ती मुकी बसणार. दुसऱ्या गावची धवलारीण आणली असती, पण तिचे धवळे वेगळे, चाल वेगळी. जे ऐकत सगुणा स्वतः या घरात आली, ते सोमवारनंतर कुणाच्याच तोंडात उरणार नव्हते. आणि ते शिकून घ्यायला तिला वीस वर्षं मिळाली होती.

"टेप करून ठेवू," दामाजी म्हणाला. "कॅसेट लावली का आये गाईल मांडवात."

भागीरथी म्हणाली, "गाईन. पण शीलाचं नाव नाय घेणार. अजून मांडव कुठं हाय? नावांच्या जागी मी गप राहीन. तवा तू बोल, सगुणा. दोन नावं तर येतील ना तोंडाला?"

"येतील आये," सगुणा म्हणाली, आणि तिला वर बघवेना.

दामाजी मोहने गावच्या कारखान्यात पाळीला जायचा. तिथल्या कुणीतरी त्याला शहाड स्टेशनाबाहेरचं एक दुकान सांगितलं होतं. शुक्रवारी दोघं नवराबायको तिथे गेली. दुकानदार प्रभाकर गोड बोलणारा माणूस. त्याने काचेवर एकेक जिन्नस मांडला.

पहिला मोठा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र, लाल रंगाचा, कडी धरून उचलायचा. दामाजीला तो बघताक्षणी आवडला. सगुणाने उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हा काय मांडवात फिरवायचा? पाठवणीला नवरीच्या मागं कोण धरंल?"

दुसरा तळहाताएवढा वॉकमन, कानाला लावायच्या बोंडांसकट.

"हा गातो," प्रभाकर म्हणाला, "पण भरून घेत नाही."

"मग उचला त्याला," सगुणा म्हणाली. "आमाला दोन्ही पायजे."

तिसरा त्याहून थोडा जाड, काळा, वर बारीक भोकांची जाळी आणि एक तांबडं बटण. प्रभाकरने तो दोन्ही हातांत धरून पुढे केला. "हा बघा वहिनी. सेलवर चालतो, लाइट गेली तरी काळजी नाही. माइक आतच आहे. आणि मोठी गोष्ट म्हणजे हुशार आहे. माणूस गप्प झाला की टेप आपोआप थांबते, बोलायला लागला की आपोआप सुरू. कॅसेट फुकट जात नाही. वकील लोक हाच नेतात."

"वकील!" दामाजी हसला. "आन् आमी पापलेटवाले."

"मांडवात आवाज पुरंल का याचा?" सगुणाने विचारलं.

"भोंगेवाल्याच्या माइकपुढे धरा, अख्खा कोळवाडा ऐकेल."

सगुणाचं समाधान होईना. मासळी घेताना ती कल्ला उघडून लाल आहे का बघते, बोटाने पोट दाबते. इथे काय दाबायचं? उद्या आये गायली आणि याने धरलंच नाही तर सोमवार आलाच. "यात मी बोलून बघते," ती म्हणाली.

प्रभाकरने तांबडं बटण दाबलं. त्याच्या बाजूला तांदळाएवढा लाल दिवा लागला. काय बोलावं ते सगुणाला सुचेना, म्हणून तिने रोजचंच सुरू केलं. "घ्या ताजे बोंबील, कोलंबी घ्या, ताई इकडं या, पापलेट बघा कसं चांदीवानी, दादा हात लावून बघा, काल नाय आजचं हाय..." बाजारातली बाई मधे श्वास घेत नाही. थांबली की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जातं. प्रभाकरने हसत टेप मागे घेऊन लावली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. स्वतःचा तो फाटका आवाज ऐकून सगुणा लाजली, पण मन थोडं हलकं झालं.

"हाच द्या," ती म्हणाली. "आन् चार कॅसेटी. कोऱ्या."

शनिवारी सकाळी पडवी सारवली. भागीरथीने हिरवं लुगडं नेसलं, पुढ्यात कलश ठेवला, सुपात तांदूळ घेतले. शीला उंबऱ्यात बसली होती. तिला आजीने दटावलं, "तू आत जा. नवरीनं आधी ऐकायचं नसतं." सगुणाने यंत्र पाटाच्या कडेला ठेवून बटण दाबलं.

गाणं आलं. चालत आलं. घसा मधेच खरखरायचा, पण चाल सुटली नाही. नावाची जागा आली की भागीरथी ओठ मिटायची, उजव्या हाताची चार बोटं वर धरायची आणि तेवढा वेळ नुसती बघत राहायची, जणू त्या रिकाम्या हवेत नवरानवरी उभी आहेत. मग बोटं खाली, पुढची ओळ. सहा धवळे झाले. भागीरथी घामाने भिजली होती. तिने खुणेनेच पाणी मागितलं.

दामाजीने टेप मागे नेली आणि लावली. आवाज आला तशी शीला आतून धावत आली, आणि आजीने हात दाखवताच पुन्हा आत गेली. सगुणा पुढे सरकून बसली. नावाची जागा जवळ आली, तिने तोंड उघडलं, आणि पुढची ओळ तिच्या तोंडावर येऊन आदळली.

"परत लाव," ती म्हणाली.

परत तेच. दुसरा धवळा, तिसरा धवळा. ओळीला ओळ चिकटलेली, एका नावाचीही जागा कुठे नाही. वकिलांच्या त्या हुशार यंत्राने भागीरथीचं गप्प राहणं सगळं गाळून टाकलं होतं.

"जल्लं मेलं ते!" दामाजी ओरडला. "मी बोलत होतो लाल घेऊ. तुलाच वकिलाचा पायजे होता."

"मीच घेतला, हो! तुमी काय बघत होता? लाल रंग?"

"आता शीलाचं लगीन बिननावाचं लावायचं का?"

दुकानात सगुणा न थांबता बोलली होती, म्हणून ते यंत्र थांबलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा श्वास घ्यायला थांबली असती तर कळलं असतं.

दामाजी तसाच शहाडला गेला. दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, मालक गावी गेलाय, मंगळवारी येईल. संध्याकाळी सगुणाने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. बाजूला एक-दोन बारीक खिट्ट्या होत्या, त्याखाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. खिट्टी सरकवावी तर आहे तेही पुसलं जाईल ही धास्ती. तिने यंत्र फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलं, आणि चूल विझली तरी तिचं लक्ष देवळीकडेच होतं.

रविवारी सकाळी भागीरथीने तिला हाताने बोलावलं. कालच्या गाण्याने घसा बसला होता, आवाज वाळूसारखा येत होता. "काय करतंय ते? मना दाखव."

सगुणाने बटण दाबलं. "हे बघ आये. बोलते हाय तोवर दिवा लागतो. गप झाले..." ती गप्प झाली. दोघींनी दिव्याकडे पाहिलं. एकसुद्धा मोजून झालं नाही तोच दिवा विझला.

भागीरथीच्या डोळ्यांत हसू आलं. तिने बोटातल्या चांदीच्या अंगठीने कलशावर टिचकी मारली. टण्. दिवा लागला. टण्. लागलेलाच राहिला.

"त्याला गप बसलेलं माणूस कळत नाय," ती म्हणाली. "मग त्याच्याशी एवढं बोलू."

"आये, पण डॉक्टरांनी..."

"डाक्टर उद्या. आज माझा घसा माझ्याकडं हाय."

दुसऱ्यांदा ती गायली ते काल गायली तसं नव्हतं. ते सगुणाने कुणालाच कधी सांगितलं नाही. वरची पट्टी येत नव्हती, ती खालून गेली. खोकला आला की कलश वाजवायची आणि खोकला ओसरला की तीच ओळ पुन्हा धरायची. नावाच्या जागी चार टिचक्या. टण्, टण्, टण्, टण्. सगुणाचे डोळे लाल दिव्यावर खिळलेले. तो लुकलुकला की तिचा जीव खालीवर व्हायचा.

पाठवणीच्या धवळ्याला आवाज इतका बारीक झाला की दिवा विझू लागला. भागीरथी गातेय, ओठ हलतायत, आणि यंत्राला ऐकूच येत नाही. सगुणाने इकडेतिकडे पाहिलं. मग तिला स्वतःलाच कळलं नाही कसं, पण तिच्या तोंडून पुढची ओळ निघाली. बाजारातला तो फाटका, जाड आवाज. त्याच्या पुढची ओळही निघाली. दिवा लागला तो धवळा संपेपर्यंत विझला नाही. दोघींनी तो मिळून संपवला. शेवटची ओळ सगुणा चुकली, तिथे भागीरथीने तिच्या मांडीवर चापट मारली, ती चापटही टेपेत आली.

लावून पाहिलं. जागा जिथल्या तिथे होत्या. शेवटचा धवळा लागला तेव्हा सगुणा म्हणाली, "हा पुसू का आये? कसा कावळ्यावानी आवाज माझा." भागीरथीने यंत्रावर पंजा ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. त्यानंतर ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

सोमवारी सकाळी ते ठाण्याच्या इस्पितळात पोचले. शीला घरी राहिली होती. सगुणाच्या पिशवीत धुतलेली लुगडी होती आणि त्यांच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेलं ते यंत्र. घरी ठेवायला तिचा जीव झाला नव्हता. बाकावर बसल्या बसल्या तिची बोटं पिशवीवर चालत होती. चार वेळा, मग थांबून पुन्हा चार वेळा. चार टिचक्यांत दोन नावं बसवायची. शीलाचं बसत होतं, मधूचं आखूड पडत होतं. वैशाखाला अजून दोन महिने होते.

आतून नर्स आली. "भागीरथीबाई कोण? चला आजी, लवकर. डॉक्टर उभे आहेत."

भागीरथी उठली. लुगड्याचा पदर नीट केला. बोटातली अंगठी काढली आणि सगुणाच्या हातात दिली. नर्सने तिचा दंड धरला. "चला, चला, पटकन."

भागीरथी जागेवरच उभी राहिली. तिने वळून सगुणाकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"घाय नका करू, बाय," सगुणा नर्सला म्हणाली. तिचा आवाज लांबच लांब व्हरांड्यात मोठा वाटला. "गाणं चालत येतंय."

नर्सने दंड सोडला. भागीरथी तिच्या चालीने निघाली, मांडवात जायची तशीच, पाय ओढत नाही आणि उचलतही नाही. दार तिच्यामागे दोनदा हललं आणि मिटलं. दामाजी खाली फरशीकडे बघत होता. सगुणा दाराकडे बघत होती, अंगठी मुठीत घट्ट धरून.