कुणाकडून कुणाला

आईचा फोन सहसा सकाळी येत नाही. "शालन गेली गं," एवढंच म्हणाली. शालन म्हणजे माझी वहिनी. कळंबहून माहेरी, तेरखेड्याला पोचेपर्यंत माझ्या कानात आईचा तो आवाजच राहिला... रडका नव्हता, नुसता रिकामा.

दादा ट्रक चालवायचा. लग्नानंतर काही वर्षांनी तो खंगत गेला. तपासणीत एचआयव्ही निघाला, मग वहिनीच्या रक्तातही निघाला. दादा गेला आणि आईनं एकच वाक्य धरून ठेवलं, "हिनंच दिला ह्यो रोग माझ्या लेकाला." वहिनी उलट बोलली नाही, माहेरीही गेली नाही. फटाक्यांच्या शेडवर वाती वळायला जायची आणि महिन्याला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची. शेडवरून आली की दारूच्या चंदेरी भुकटीनं माखलेले हात कितीतरी वेळ घासत बसायची, मगच भाकरी थापायची.

पुढं त्या गोळ्या लागू पडेनात. वजन उतरलं, तोंड आलं. त्याच सुमारास दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शेडवरच्या बाया, ऊसतोडीचे मजूर, ड्रायव्हर अशा कामकरी माणसांचं रक्त त्या अभ्यासासाठी घेत होत्या. मी सोबत होते. त्यांनी समजावून सांगितलं, हा विषाणू सगळ्यांत सारखा नसतो, त्याच्या पोटजाती असतात. शिवाय माणसागणिक तो थोडा थोडा बदलत जातो आणि बदलला की जुनी गोळी त्याला पुरत नाही.

"त्याला बी पोटजात असती व्हय?" वहिनी हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मग ह्यातनं कळंल का बाई, आमच्या दोघांत कुणाकडनं कुणाला आला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मालकांचं रक्तच नाही आपल्याकडं. असतं तरी ते खात्रीनं सांगता आलं नसतं. तुम्हाला कोणती गोळी चालेल, ते मात्र कळेल."

मला वाटलं, ती उठेल. इतक्या वर्षांनी एवढं एकच विचारायचा तिनं धीर केला होता... तिनं बाही वर सरकवली. "घ्या. गोळीचं तरी कळू द्या."

परतताना एसटीत मीच म्हटलं, "वहिनी, घरी सांग की, दादाकडूनच आला असं निघालं म्हणून. आईला काय कळतंय?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "नको वन्सं. लेक गेलाय त्यांचा. त्याचं नाव तरी चांगलं राहू द्या त्यांच्याजवळ."

घरी आईनं विचारलं, "काय म्हणले डाक्टर?"

"रक्त घेतलंय. कुणाकडनं कुणाला, ते न्हाय सांगता येत म्हणले, आत्याबाई."

आई तिच्याकडं बघतच राहिली. 'हिनंच' हे वाक्य त्यानंतर कधी आईच्या तोंडून आलं नाही. आपलं चुकलं, असंही ती कधी म्हणाली नाही.

रिपोर्ट आला, गोळ्या बदलल्या, वहिनी सावरली. दवाखान्याचं नाव काढलं तरी घाबरणाऱ्या शेडवरच्या बायांना ती आपल्याबरोबर नेऊ लागली. काही वर्षं खरंच चांगली गेली. या हिवाळ्यात तिला टीबीनं धरलं, आणि त्यातून मात्र ती उठली नाही...

परवा तेरखेड्याला गेले, तर आई वहिनीच्या खोलीत बसलेली. फळीवर वहिनीचा साधा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. दिवेलागण झाली तसा त्याचा गजर वाजायला लागला. बंद करायला मी हात पुढं केला.

"वाजू दे," आई म्हणाली. "तिच्या गोळीची येळ हाय ती."

गजर आपोआप थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.