ग्राइंडरमधलं जायफळ

आमच्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. तीही पाहुणे आले तर, एरवी चहा. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हापासून मी ही खीर मुकाट गिळत आले. मग मला एस्प्रेसोचं वेड लागलं. हाताने दाबायचं छोटं यंत्र आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर, दोन्ही मी शिकवण्या करून घेतले. स्वयंपाकघरात ते काढले की सासूबाई विचारायच्या, "झाला का गो तुझा काढा?" आणि नवरा हसायचा. ते हसणं माझ्या डोक्यात जायचं.

म्हणून मला सड्यावर जायचं होतं. सडा म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला असलेला आमचा मोकळा कातळ. थंडीत तिथे तंबू ठोकून एक रात्र राहायचं, सकाळी एक कप अगदी मनासारखा करायचा आणि कोणाला काही समजावून न सांगता प्यायचा, एवढीच माझी हाव. नवरा म्हणाला, "जाऊ की. दोघंच जाऊ." हे 'दोघंच' त्याने आईला सांगितलं, आईने चिपळूणला लेकीला कळवलं, आणि शनिवारी गाडीत आम्ही चौघं, दुधाची किटली, पातेली आणि लोणच्याची बरणी. माझी पिशवी मी मांडीवर घेऊन बसले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

"दोघंच जाऊन करणार काय होतात तिथे?" नणंदेने विचारलं.

उघड्यावर एस्प्रेसो करायची तर पहिला वैरी वारा. तो शेगडीची ज्योत विझवतो, पाणी निववतो, आणि पाणी निवलं की कॉफी आंबट उतरते. मी संध्याकाळीच जांभ्याचे सुटे दगड रचून शेगडीभोवती आडोसा केला. यंत्र आधी गरम पाण्याने तापवून घ्यायचं असतं. दाणे अगदी शेवटी दळायचे, रव्याहून बारीक आणि पिठाहून जाड. दाणे मी मोजकेच आणले होते, दोन कपांपुरते. दुसरा कप नवऱ्यासाठी, मागितलाच तर.

सकाळी जाग आली ती जायफळाच्या वासाने.

तंबूतून बाहेर आले तर माझ्या आडोशात, माझ्या शेगडीवर दूध उकळत होतं. नणंद समोर फतकल मारून बसली होती आणि तिच्या हातात माझा ग्राइंडर होता.

"किसणी घरी राहिली बघ," ती खुशीत म्हणाली. "पण तू हे बरं आणलंस गो वहिनी. जायफळ दगडाने फोडलं नि टाकलं यात. आमच्या परसातलं आहे हो, विकतचं नाही."

"आणि दाणे?"

"तेही त्यातच दळले. अख्खे कसे घालणार दुधात?"

जायफळ तेलकट असतं. ग्राइंडरच्या पात्यांत एकदा बसलं की त्याचा वास जन्मात जात नाही. माझं डोकं फिरलं. "ताई, विचारायचं तरी होतंत," मी म्हणाले, आणि आवाज चढवूनच म्हणाले.

सासूबाई तंबूच्या तोंडाशी येऊन बसल्या होत्या. "विचारायचं काय त्यात? घरचंच ना ते? एवढ्या मायेने केलंन तिने." नवरा तंबूच्या दोऱ्या ओढून बघत होता. दोऱ्या काल त्यानेच घट्ट बांधल्या होत्या.

घरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता तू आमच्या घरची." मला ती माया वाटली होती. सड्यावर त्या शब्दाचा अर्थ लागला. जे घरचं झालं, त्याला विचारावं लागत नाही.

मी दूध खाली उतरवलं आणि माझं पाणी चढवलं. यंत्र तापवलं, ग्राइंडरमध्ये उरलेली पूड खरवडून भरली आणि सगळा राग मनगटात आणून दाबलं. कॉफी सुरेख उतरली. दाट, वर पिंगट साय. आणि वास घेतला तर घरातलीच कॉफी.

"बघू गो चव," नणंदेने हात पुढे केला.

मी तिच्या देखत कप कातळावर उपडा केला. कातळाने ती कॉफी पिऊन घेतली नाही. एका खळग्यात ती तशीच साचून राहिली आणि आम्ही चौघंही तिच्याकडे बघत राहिलो. नणंदेचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

तो ग्राइंडर आता सासूबाईंच्या मसाल्याच्या फळीवर असतो. गणपतीत मोदकांच्या सारणाचं जायफळ त्यातच दळतात. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात, "सुनेने आणलंन हो. आता घरचाच झालाय."

मी दुसरा घेतला. तो यंत्र नि शेगडीसोबत स्कूटरच्या डिकीत रेनकोटाखाली असतो. शिकवणी लवकर सुटली की मी सड्यावर जाते, दगड पुन्हा रचते आणि एक कप करते. घरी नवरा विचारतो, उशीर का झाला? मी म्हणते, बाजारात गेले होते. परवा तो जवळ येऊन म्हणाला, "कॉफीचा वास येतोय. कुठे प्यायलीस? मलाही ने की एकदा."

त्याला मी हा दुसरा ग्राइंडर दाखवलेला नाही. दाखवला की तो घरचा होईल.