कॅथरिनावाल्यांची भिंत

माल्टातल्या आमच्या गावात संत दोन, रोक आणि कॅथरिना, आणि भांडणं त्याहून पुष्कळ. विस्तिन गवंडी पक्का संत रोकवाला. उत्सवात रोकची मूर्ती खांद्यावर वाहण्याचा मान आधी त्याच्या बापाचा होता, मग त्याचा. त्या मानापुढे त्याला दुसरं काही दिसत नसे.

शोभेची दारू दोन्ही पक्ष स्वतःच बनवतात, गावाबाहेर आपापल्या कारखान्यात. दारू मिसळायच्या खोलीला आडभिंत लागते. विस्तिनने रोकवाल्यांची बांधली ती बुटकी आणि जाडजूड, दोन्हीकडे दगड, मध्ये माती. भडका उडालाच तर मातीने तो गिळावा. कॅथरिनावाल्यांना मात्र रोकवाल्यांपेक्षा उंच भिंत हवी होती. त्यांनी सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची ताडमाड भिंत उभारून वर झेंडा लावला.

विस्तिनने ती पाहिली. स्फोट झाला तर तेच ठोकळे फुटून शेजारच्या खोलीतल्या माणसांच्या अंगावर येणार होते. तो भर दुपारी मातीची गाडी घेऊन तिकडे गेला. त्यांचा प्रमुख साल्वू दारातच आडवा आला.

"भिंत बुटकी करायला तुझ्या संताने धाडलं वाटतं?"

"उंची तुझ्या जिभेला राहू दे, साल्वू. भिंतीला जाडी लागते."

साल्वूने कुरकुरत वाट दिली, आणि विस्तिन ठोकळे उतरवून तिथे दगड-मातीची जाड भिंत रचू लागला. रोकवाले खवळले. थापी खाली ठेव, नाहीतर मूर्तीला खांदा द्यायला येऊ नकोस, असं त्यांनी बजावलं. विस्तिनने थापी ठेवली नाही. घरी येऊन तो ढसाढसा रडला, हे त्याची बायको जिझा अजून सांगते. पण सकाळी पुन्हा कामावर हजर. असल्या हट्टी माणसांच्या जिवावरच गावं टिकतात, असं माझं मत आहे.

जुलैत कॅथरिनावाल्यांची दारू मिसळायची खोली उडाली. आत कोणी नव्हतं हे नशीब. आडभिंत अर्धी ढासळली, माती सगळीकडे पसरली. शेजारच्या खोलीतून साल्वू आणि त्याचे दोन कामगार धुळीने माखून, पण आपल्या पायांनी बाहेर आले.

ऑगस्टमध्ये रोकची मूर्ती निघाली. विस्तिनच्या जागी दुसऱ्याचा खांदा होता. तो रस्त्याकडेला एकटा उभा राहिला. त्या दिवशी कॅथरिनावाले खिडक्यासुद्धा उघडत नाहीत. तरी ते तिघे आले आणि त्याला खेटून उभे राहिले.

"तुझ्या संतासाठी नाही हं," साल्वू पुटपुटला. "तुझ्यासाठी आलोय."

विस्तिनने मूर्तीवरची नजर हलवली नाही.

"मग टोप्या काढा," तो म्हणाला.

तिघांनी काढल्या.