वरच्या डोंगरीवरची चेरी

नसीमच्या भाभीचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या शाळेत सहावीचे पेपर तपासत बसले होते. "सुनंदा, नसीम गेली. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर नेतील, तुला यायचं तर लगेच निघ," एवढंच त्या बोलल्या. मी तशीच निघाले. पण लोखंड बाजारापासून महामार्गापर्यंत ट्रेलरची रांग लागली होती, आणि रिक्षा पनवेलच्या मोहल्ल्यात शिरली तोवर पुरुष मंडळी जनाजा घेऊन कबरस्तानाकडे गेलीही होती. घरात बायका हलक्या आवाजात कुराण वाचत होत्या. भाभींनी मला हाताला धरून आत बसवलं. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, आणि मला तिचा चेहराही शेवटचा बघता आला नाही... याला आता काही आठवडे झाले. रोज वाटतं, हे थोडं मागे पडेल. पडत नाही.

पनवेलच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका बाकावर बसायचो. ती मोहल्ल्यातल्या किराणा दुकानदाराची धाकटी लेक, मी गव्हाणच्या आगरी शेतकऱ्याची. बी.एस्सी. झाल्यावर मी बी.एड. करून शाळेला लागले. नसीम मात्र झाडांतून बाहेर आलीच नाही. एम.एस्सी. केलं, मग इथे-तिथे तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. लग्नाची बोलणी आली आणि गेली. एका वर्षी ती चैत्रात आमच्या गावच्या जत्रेला आली. दुपारी जेवण झाल्यावर माझी आई आम्हाला गावामागच्या वरच्या डोंगरीवर करवंदं काढायला घेऊन गेली. तिथे कातळाच्या कडेला एक उंच, काळपट सालीचं झाड होतं. नसीमने सवयीने त्याचं पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं, आणि ती थबकली. मग तिने ते माझ्या नाकाशी धरलं. कडू बदामाचा वास.

"काकी, काय म्हणतात या झाडाला?"

"आमी कडवा बदाम बोलताव," आई म्हणाली. "पन फल नको खाऊस गो पोरी, इख हाय त्यात. पूर्वी खाडीतली मासली गुंगवायला ठेचून टाकीत."

नसीमने दुसरं पान तोडून त्याच्या बुडाशी असलेले दोन बारीक उंचवटे मला दाखवले. तिचे डोळे चमकत होते. "नंदा, ही चेरी आहे. तुमच्या गव्हाणला चेरी!" मला हसू आलं. चेरी म्हणजे मला केकवरची लाल गोळी माहीत, आणि तीही बहुतेक वेळा पाकातलं करवंदच असते. मग घरी येईपर्यंत ती मला समजावत राहिली. चेरी, बदाम, आलुबुखार ही सगळी गुलाबाच्या कुळातली, एका घरची. आपल्या घाटातही त्यांचा एक रानटी भाऊबंद आहे. त्याला आधी शास्त्रज्ञांनी वेगळी चूल मांडून दिली होती, नंतर पुन्हा चेरीच्या घरात घेतलं. सिलोनवरून त्याच्या जातीचं नाव पडलंय. "पण तो उंचावरच्या दाट, ओलसर जंगलातला. इथे खाडीकाठच्या या उघड्या टेकडीवर तो काय करतोय?"

या एका प्रश्नामागे तिची पुढची सगळी वर्षं गेली. थंडीत झाडाला पांढरी, बारीक फुलं आली तेव्हा ती आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आली होती. फुलांची लव निराळी होती, पानं लहान आणि जाड होती. ही जातच वेगळी आहे, असं तिच्या मनाने घेतलं. मग ती जासईपासून कर्नाळ्यापर्यंत आणि थेट माथेरानच्या कड्यापर्यंत हिंडली. गावोगाव म्हाताऱ्या माणसांना पान चुरगळून वास देत विचारायची. कुठे त्याला एक नाव, ओढा ओलांडला की दुसरं, आणि कुठे "नाय बघितला कदी." तिच्या खोलीतल्या नकाशावर वर डोंगररांगेत टिंबांची दाटी झाली. ती सगळी सिलोनच्या नावाची, नेहमीची झाडं. खाली आमच्या गव्हाणवर मात्र एकच टिंब, एकटं. तिने शोधनिबंध पाठवला तो परत आला. तपासणाऱ्यांनी कळवलं होतं, फुलं पाहिली, पण पिकलेलं फळ दाखवल्याशिवाय वेगळी जात मानता येणार नाही. त्या मंडळींचं चुकलं नव्हतं, हे तीच मला सांगत होती. या कुळात फळाच्या आकारावरच सगळं ठरतं. आणि झाडाला दरवर्षी फळ धरायचं नाही.

तोवर आमच्या भागात भराव सुरू झाला होता. शेतं गेली, मिठागरं गेली, आणि खड्डे भरायला डोंगर लागले. माझ्या मोठ्या भावाने जमिनीच्या पैशातून डंपर घेतले होते. वरची डोंगरी फोडायचं ठरलं तेव्हा माती वाहायचं काम त्यालाच मिळालं. त्या वर्षी झाड फुलांनी भरलेलं होतं. नसीम आमच्या ओटीवर येऊन बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, उन्हाळ्यापर्यंत थांबा. एकदा फळ पिकू द्या, मग मी परत काही मागायला येणार नाही."

दादा म्हणाला, "मी थांबलो तर दुसऱ्याचे डंपर लागतील, नसीम. डोंगर नाय वाचायचा. पण तुझ्या झाडाला आमी हात नाय लावनार. जबान देतो."

आणि दादाने जबान पाळली, तेच जास्त वाईट झालं. झाडाच्या चारी बाजूंनी डोंगरी खाली गेली आणि मधे मातीचा एक सुळका उरला, त्याच्यावर ते झाड. मुळं कापली गेली होती, काही हवेत लोंबत होती. पानांवर दगडाच्या भुकटीचा थर बसला होता. नसीम खाली उभी राहून वर बघायची. फळं धरली होती, हिरवी, मण्याएवढी. सुरुंगाचा बार झाला की त्यातली काही गळून पडायची. ती वेचायची, चिरून बघायची. आत अजून काही बनलेलंच नसायचं. तिने फांद्या कापून कुंड्यांत लावल्या, मी शाळेच्या आवारात लावल्या. एकही जगली नाही. फळ पिकायच्या आधीच झाड उभ्या उभ्या वाळलं. पावसात तो सुळकाही ढासळला. दादा तिला म्हणाला, "मी नाय तोडला." ती म्हणाली, "माहीत आहे, दादा."

त्यानंतर ती आणखी काही वर्षं शोधत राहिली. जवळपासच्या प्रत्येक टेकडीवर चढली, आणि ज्या टेकडीवर चढली ती पुढच्या खेपेला अर्धी झालेली असायची. तसं झाड तिला पुन्हा दिसलं नाही. तिचं शिकवणं चालू होतं, पण बोलणं कमी होत गेलं. मग पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा आजार खूप पुढे गेलेला होता.

शेवटची भेटले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला म्हणाली, "कपाटातला तो कागद काढ." जाड कागदावर शिवलेली, वाळलेली फांदी, पानं, फुलं. खालच्या पट्टीवर ठिकाण होतं, तिचं नाव होतं, आणि झाडाच्या नावाची जागा कोरी होती. इतकी वर्षं ती तशीच ठेवलेली.

"तिथे सिलोनचं नाव लिही," ती म्हणाली.

"पण ते तसं नाही म्हणतेस ना तू?"

"सिद्ध कुठे झालं? बेनाम कागद कुणी सांभाळत नाही, नंदा. नाव असलं तर निदान कपाटात राहील." थोडं थांबून म्हणाली, "माझा हात चालत नाही. तू लिही..." मी तिच्या पलंगाच्या काठावर बसून, तिने एकेक अक्षर सांगितलं तसं लिहिलं. तिने ते पाहिलं नाही.

नसीमचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो कागद मी एका कॉलेजच्या संग्रहालयात नेऊन दिला. डांबरगोळ्यांचा वास, लोखंडी कपाटांच्या रांगा. तिथले सर सभ्य होते. त्यांनी भिंगातून फुलं पाहिली आणि जरा थांबले. "लव वेगळी वाटते," म्हणाले. मग पट्टी वाचली. "गव्हाण, वरची डोंगरी. एकदा फळं आणायला जायला हवं. कुठल्या बाजूने चढायचं?"

मी म्हटलं, "आता तिथे डोंगरी नाही, सर. झाडही नाही."

"आणि या मॅडम?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सिलोनच्या नावाची जाड फाइल काढली, घाटातल्या साऱ्या कागदांच्या खाली नसीमचा कागद सरकवला आणि कपाट लावून घेतलं.