सासूबाई पडतात

“पडणार. हजारदा सांगितलं, पडणार म्हणजे पडणार.”

“काकू, मी तो प्रसंग काढलाय नं स्क्रिप्टमधून!”

“तुझ्या स्क्रिप्टमधून काढलास गं. माझ्या अंगातून कसा काढशील?”

“अंगातूनच निघून चाललाय, म्हणून तर म्हणून राहिली मी!”

मेकअपच्या खोलीत उभे असलेले मंडळाचे सांस्कृतिक चिटणीस सुबोध हारांची पिशवी छातीशी धरून छताचा पंखा निरखू लागले. आपण काय बोलून गेलो ते मेघनाला बोलल्यावर कळलं. तिनं जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही. मूळची नागपूरची, मोहालीतल्या आयटी कंपनीत तीन वर्षं काढलेली, एकोणतीस वर्षांची मुलगी. यंदा गणेशोत्सवाचं प्रहसन तिनंच लिहिलं होतं, तीच बसवत होती आणि सुनेचं कामही तीच करणार होती.

पद्मजाबाई आरशासमोर बसून होत्या. पूर्वी सासू व्हायचं म्हणजे केसांना पांढरं लावण्यातच अर्धा तास जायचा. आता तो अर्धा तास भांडायला मोकळा मिळत होता.

“चार वाजलेत,” सुबोध पंख्याला उद्देशून म्हणाले. “सहाला आरती, साडेसहाला पडदा. पद्मजाताई, ऐका माझं. प्रहसन झालं की तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. आणि स्टेजवरच मेघनाला चार्ज देऊन टाका.”

“चार्ज?” पद्मजाबाईंनी आरशातूनच विचारलं. “का? बदली झाली का माझी कुठं?”

सुबोध पुन्हा पंख्याकडे वळले.

बाहेरच्या माणसाला या चार्जमधली गोम कळायची नाही. चंडीगडच्या मराठी मंडळाला नटांचा तोटा कधी पडला नाही, पण नट टिकायचे नाहीत. सगळी सरकारी माणसं. ऐन जुलैत ऑर्डरी निघायच्या, नायक गुवाहाटीला जायचा आणि खलनायक भोपाळला. म्हणून कुणीतरी रीतच पाडली. जाणाऱ्यानं आपल्या जागी येणाऱ्याला भूमिकेचा रीतसर चार्ज द्यायचा, कचेरीत देतात तसा. संवादांची वही द्यायची. कुठं थांबायचं, कुठं हशा येतो, त्या जागा लाल पेन्सिलीनं खुणा करून द्यायच्या. खाली दोघांच्या सह्या.

पद्मजाबाई ब्याऐंशी साली मिरजेहून आल्या, त्या नवऱ्याच्या बदलीबरोबर, तीन वर्षांसाठी. दिगंबरराव सर्वेक्षण खात्यात होते. पहिल्या वर्षी मंडळानं त्यांना विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं. गणपतीला पंधरा दिवस उरले असताना सासूचं काम करणाऱ्या मीनाक्षीवहिनींची जबलपूरची ऑर्डर आली आणि त्यांनी जाता जाता चार्ज दिला प्रॉम्प्टरला. अठ्ठावीस वर्षांची पोर. घरी खऱ्या सासूपुढे मान वर करायची नाही. स्टेजवर मात्र मोदकांचं ताट घेऊन अशी काही आली, की सुनेचं काम करणाऱ्या बाईनं खरंच पदर सावरला.

त्याच प्रयोगात त्यांचा पाय घसरला. पण जमिनीवर जाण्याआधी त्यांनी ताट सुनेच्या हातात दिलं, “यातला एक जरी कमी झाला तर बघ,” असं तिला बजावलं, आणि मग सावकाश, मानानं, एखादी इमारत खाली यावी तशा खाली आल्या. हशा थांबेना. पुढच्या वर्षी लोक तिकिटाच्या टेबलापाशीच विचारू लागले, “सासूबाई कधी पडतात?”

तेव्हापासून कथानक दरवर्षी नवं, पण पडणं तेच. सुना बदलल्या, त्यातल्या दोघी आता आज्या आहेत. सासू बदलली नाही, कारण दिगंबररावांनी पुढच्या बदल्या टाळल्या, बढत्यासुद्धा टाळल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पद्मजाबाईंचं नाव ना पेपरात आलं ना टीव्हीवर. पण चंडीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्याच्या भाजीमंडीत एक सरदारजी अजून मटार तोलता तोलता विचारतात, “आंटीजी, इस साल भी गिरोगे ना?” त्यांनी मराठी भाडेकरूबरोबर एकदा प्रयोग पाहिला होता. त्यांना एक शब्द कळला नव्हता, पण पडणं कळलं होतं.

“लोक पडण्याला हसत नाहीत,” नव्या मुलींना त्या शिकवायच्या. “पडता पडता बाई काय वाचवते, त्याला हसतात. आधी ताट, मग पदर, मग रुबाब. हाडं शेवटी.”

आणि मग गेल्या वर्षी त्या पडल्या, आणि कुणी हसलं नाही.

सभागृहातून एकच “अरे!” उठला. दुसऱ्या रांगेतून डॉक्टर बाळकृष्ण उडी मारून स्टेजवर आले. ते मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या औषध संस्थेतले संशोधक. नाडी कुठं असते हे त्यांना पुस्तकातूनच ठाऊक. त्यांच्या मागोमाग नॉलेज सिटीतल्या विज्ञान संस्थेतले एक डॉक्टर धावले, ते भौतिकशास्त्रातले. त्यांना पडण्याबद्दल सगळं माहीत होतं, उचलण्याबद्दल काहीच नाही. दोघांनी मिळून त्यांना खुर्चीवर बसवलं. कुणीतरी ग्लुकोजचं पाणी आणलं. “अहो, विनोद आहे हा! सोडा मला!” पद्मजाबाई ओरडत होत्या, आणि त्यालाही कुणी हसलं नाही. पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर ‘लवकर बरे व्हा’चे चौऱ्याऐंशी निरोप. बऱ्या व्हायला त्या आजारी कुठं होत्या?

“गेल्या वर्षीचा दोष माझा नव्हता,” आता त्या मेघनाला म्हणाल्या. “त्या दोन डॉक्टरांनी घात केला. एक उठला की सगळी सभा उठते.”

“डॉक्टर नंतर उठले, काकू.”

“तू होतीस का तिथं?”

“नव्हती. व्हिडिओ आहे माझ्यापाशी.” मेघनानं मोबाईल पुढे केला. “वीसदा पाहिला मी. बघा नं एकदा.”

पद्मजाबाईंनी तो कधीच पाहिला नव्हता. चष्मा लावून त्यांनी मोबाईल जवळ घेतला. छोटीशी सासू ताट घेऊन आली, वळली, सोफ्याच्या बाजूला गेली. ताट सुनेला देण्याआधी सासूनं खाली पाहिलं होतं. क्षणभरच. जमीन किती लांब आहे ते पाहावं, तसं.

“जुने व्हिडिओ पण पाहिले मी,” मेघनाचा आवाज आता उतरला होता. “कधीच खाली पाहत नव्हत्या तुम्ही, यार. लोकांना वय नाही दिसलं, काकू. भीती दिसली.” ती स्टूल ओढून जवळ बसली. “कुठं पडल्या होत्या का खरंच?”

सुबोधनी हारांची पिशवी खाली ठेवली.

गेल्या वर्षी जूनमध्ये, सकाळी, पंचकुल्याच्या घरात, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर. वीस मिनिटं त्यांना उठता आलं नव्हतं. हातात ताट नव्हतं, समोर सून नव्हती. दिगंबरराव दूध घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, “कुणाला सांगायचं नाही.” त्यांनी सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा बसवून घेतला आणि त्याविषयी एक अक्षर काढलं नाही.

“पडले होते,” पद्मजाबाई म्हणाल्या. “म्हणूनच आज पडायचंय. नाहीतर ते शेवटचं पडणं ठरेल माझं. न्हाणीघरातलं. कळतंय का तुला?”

मेघनाला कळलं असावं. तिचे डोळे भरले होते. पण ती दिग्दर्शक होती.

“कळलं. तरी नको,” ती म्हणाली. “सत्कार घ्या, काकू. मजेत पहिल्या रांगेत बसा पुढच्या वर्षी.”

“शाल अंगावर आली की माणूस झाकला जातो, बाळ,” असं म्हणून पद्मजाबाईंनी कुंकवाची डबी उघडली.

साडेसहाला पडदा वर गेला. सभागृह भरलेलं होतं. पद्मजाबाई ताट घेऊन आल्या तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांनाही पथ्यपाणी होतं. पहिल्या वाक्याला लोक हसले, तेही जपून, आजारी माणसाच्या उशाशी बसून हसावं तसं. दुसऱ्या रांगेत बाळकृष्ण खुर्चीच्या कडेवर आलेले त्यांना दिसले.

प्रसंग स्क्रिप्टमध्ये नव्हता, तरी त्या चालत सोफ्याच्या डाव्या बाजूला गेल्या. तीच जागा. त्यांनी ताट मेघनाच्या हातात दिलं. खाली पाहिलं नाही.

“काकू, नको नं,” मेघना ओठ न हलवता पुटपुटली.

एक पाय पुढे गेला, एक मागे राहिला. बाळकृष्ण अर्धे उभे राहिले. आणि तिथंच पद्मजाबाई थांबल्या. गुडघ्यानं आधी नकार दिला, की डोक्यात आधी सुचलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. त्यांनी सासूच्याच रुबाबात मान वळवून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

“बसा हो, पाहुणे. पडले की हाक मारते.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं सभागृह फुटलं. बाळकृष्ण लाल होऊन बसले. सासूनं एक पाऊल टाकलं, ते पुन्हा उठले. सासूनं बोट उगारलं, ते बसले. तिसऱ्यांदा नॉलेज सिटीवालेही उठले. चौथ्यांदा पुढच्या दोन रांगा उठल्या, आणि सासूबाई खुर्ची ओढून त्यावर निवांत टेकल्या. “सगळे उभे आहेत, तोवर आपण बसून घ्यावं,” त्या सुनेला म्हणाल्या. मेघनाच्या हातातलं ताट हसण्यानं थरथरत होतं. दिगंबरराव तिसऱ्या रांगेत होते. चाळीस वर्षं पडण्याच्या क्षणी ते न चुकता चष्मा पुसायला घ्यायचे. आज चष्मा डोळ्यांवरच राहिला.

पडदा पडल्यावर विंगेत मेघनानं त्यांना घट्ट मिठी मारली. “काकू, काय केलंत तुम्ही! पुढच्या वर्षी हेच ठेवू. पक्का!”

पडद्यापलीकडे सुबोध माईकवरून बोलत होते. चार दशकांची सेवा, मंडळाचं भाग्य, वगैरे. मग त्यांनी पद्मजाबाईंचं नाव पुकारलं. मेघनानं मिठी सोडली, आणि तिचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

“काकू, एक विचारू? खरं सांगा. आज पडला नाहीत, की पडता आलं नाही?”

पद्मजाबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला. सुबोधनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं, या वेळी जरा मोठ्यानं. पद्मजाबाईंनी वाकून, भिंतीला हात न लावता, एकेक करून चपला पायात घातल्या, मेघनाच्या गालावरून हात फिरवला, आणि मागचं दार ढकलून त्या पार्किंगकडे चालत्या झाल्या.