चेंडू कुठाय?

दूध उतू जायच्या बेतात, ह्यांचा एक मोजा बेपत्ता, आणि नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली. दारात वरच्या मजल्यावरचे किल्लीवाले काका. कोपऱ्यावर त्यांचं किल्ल्या करून द्यायचं दुकान आहे. आज इस्त्रीचा शर्ट आणि पाणी लावून चापून बसवलेला भांग.

"वहिनी, टीव्ही बिघडलाय. आमचा सामना दाखवणार आहेत आता. बसू का जरा?"

त्यांच्या टीव्हीचा आवाज जिन्यातून खाली येत होता. मी चहात पाणी वाढवलं.

काका टेबल फुटबॉल खेळतात. दांड्यांवर जडवलेले लाकडी खेळाडू, मूठ फिरवली की लाथ बसते. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. पुढचे दांडे काकांचे, मागे गोल सांभाळायच्या त्या काकू. काकू गेल्यापासून काका टेबलाभोवती फिरत दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात. गेल्या महिन्यात स्पर्धेत उतरले आणि थेट अंतिम सामन्यात पोचले. तिथे पहिल्यांदाच टीव्हीवाले आले होते. तेव्हापासून जिन्यात भेटेल त्याला काका सांगत होते, "एकदा लोकांनी पाहिलं ना, की येतील खेळायला."

सामना लागला. पडद्यावर काकांची पाठ आणि दोन कोपरं.

हे एका मोज्यानिशी पुढे वाकले. "काका, चेंडू कुठाय?"

"आत्ता गेला की!"

"कुठे?"

"गोलात."

"अहो, उंदीर बिळात गेला नि आम्हाला शेपूटसुद्धा दिसली नाही!"

काका हसले. डोळे मात्र पडद्यावरच. "कॅमेरावाला पण हेच म्हणाला. काका, नुसती पाठ दिसतेय, जरा सरका. शेवटच्या गोलाला सरकलो, तर मनगटाचा जोर गेला आणि समोरच्याने गोल मारला. हरलो. म्हटलं, जाऊ दे, चेंडू तरी दिसेल लोकांना. थांबा, येईलच आता."

तो यायच्या आत निवेदिका आली. "काय मंडळी, लहानपण आठवलं की नाही?" असं म्हणून गोड हसली, आणि हवामान सुरू झालं.

ह्यांनी मोज्याचं निमित्त करून आतली खोली गाठली. काका हवामानही शेवटपर्यंत बघत बसले. चहावर साय धरली होती.

"वहिनी," कप खाली ठेवत ते म्हणाले, "आमच्यात चेंडू खेळवण्याआधी विचारायचं असतं, 'तयार?' समोरच्याने 'तयार' म्हटल्याशिवाय चेंडू हलवायचा नाही. नियमच आहे. हल्ली मी इकडून विचारतो, मग वळसा घालून तिकडे जातो आणि मीच उत्तर देतो."

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांचं संपलं नव्हतं.

"तुम्ही खेळायला नको. भाजीला जाता-येता कधी दुकानात डोकावलात, तर समोर उभं राहून तेवढं 'तयार' म्हणाल का?"