आपांचा कॅमेरा

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. दहावीला गणितात काठावर पास झालो ते, नोकरीच्या पहिल्या दिवशी लिफ्टला घाबरून पाच मजले चढून गेलो ते, सगळं. ही एक गोष्ट सोडून. ही आईला सांगितली नाही, मित्रांना नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. ओळखीच्या माणसासमोर ती ओठांपर्यंत येते आणि मी चहाचं विचारतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू या.

पण आधी नसीम आपांबद्दल सांगू द्या.

मी पडघ्याचा. मराठी शाळा, घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. पदवीचा कागद हातात आला, पण काम मला आपांनी शिकवलं — भिवंडीत, नारपोलीला, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. कारखाना किरणदादांच्या वडिलांचा, वरची सहा संगणकांची कंपनी किरणदादांची. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं होती, संगणक म्हटलं की आमच्याकडे अजून लोक चपला बाहेर काढायचे. अंधेरीच्या एका कंपनीसाठी आम्ही शाळकरी मुलांकरता एक गाव बनवत होतो. संगणकाच्या आतलं गाव. विहीर, कुंभाराचं घर, बाजार, गढीच्या पायऱ्या. परकर-पोलक्यातली एक मुलगी त्यात हिंडायची. बाणाची बटणं दाबली की ती चालायची, माऊस हलवला की आपली नजर फिरायची. ती नजर म्हणजे कॅमेरा. तो आपांनी लिहिला होता.

आपा, म्हणजे ताई, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. वडील लूमवर, भाऊ लूमवर. त्याही त्यांच्या घरातल्या पहिल्याच पदवीधर. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "ए पडघेकर, इधर आ. बघ, पोर पायरी चढतेय आणि गाव कसं उड्या मारतंय. उलटी होईल ना मुलांना!" मग त्या ते गाव शांत करत. कॅमेरा कसा असावा, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ते मी आजही नव्या मुलांना सांगतो, माझं म्हणून: नुकतं चालायला लागलेलं मूल पुढे असतं आणि आई मागे. हात पोचेल इतकी जवळ, पाय अडकणार नाही इतकी लांब. मूल भिंतीशी गेलं की आईही सरकते. मूल धावलं तरी आई किंचाळत धावत नाही, एक श्वास थांबून निघते. कॅमेरा तसा हवा.

आणि तो तसा होताही. फक्त एक खोड होती.

माऊसवरचा हात काढला की गाव आपोआप फिरू लागायचं. हळूहळू, डावीकडे. मुलगी विहिरीकडे बघत उभी, आणि विहीर सरकत सरकत पडद्याबाहेर. सहाही संगणकांवर तेच. अंधेरीहून एक बाई काम बघायला आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. हे नीट झाल्याशिवाय सीडी पाठवू नका, म्हणाल्या.

आपांनी तीन आठवडे डोकं फोडलं. माऊसची बारीक हालचाल मोजायचीच नाही, असं करून पाहिलं. त्यानं कॅमेरा मठ्ठ झाला, बैलासारखा ओढावा लागे. मग आणखी एक ठिगळ, त्यावर आणखी एक. चांगला शिवलेला सदरा ठिगळांनी कसा होतो? तसा झाला. किरणदादा चिडले. "मॅडम, तुमचा कॅमेरा हाय का भोवरा?" म्हणाले. सगळे हसले. आपाही हसल्या. मीही — हसलोच की.

मग अंधेरीहून निरोप आला. त्यांना तिकडे कायमचं एक माणूस हवं होतं. जो कोणी हा कॅमेरा सुधारेल, त्याला ते नेणार होते. आपांनी ते ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांना ती जागा किती हवी होती, हे मला ठाऊक होतं. घरात लग्नाची बोलणी सुरू होती. चांगली नोकरी लागली तर अब्बू दोन वर्षं थांबायला तयार होते. हे त्यांनी मला, डब्यातला खिमा माझ्या झाकणात वाढता वाढता, सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

आता ते सांगायला हवं. टाळून टाळून किती टाळणार?

दुपारी लोडशेडिंग असायचं. वीज गेली की खाली लूम बंद, आणि वर इन्व्हर्टरवर एकच संगणक नि एक पंखा. बाकीचे खाली चहाला जायचे. त्या दिवशी माझ्या टाचेत काच गेली होती म्हणून मी वरच थांबलो. आपांच्या संगणकावर ते गाव उघडलं, मुलीला विहिरीपाशी उभं केलं आणि पाय खुर्चीवर घेऊन पट्टी बदलू लागलो. बदलून झाली, वर पाहिलं. विहीर जागेवर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. विहीर जागेवर.

मग वीज आली. खाली एक लूम सुरू झाला, दुसरा, मग सगळे. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाव डावीकडे सरकू लागलं.

मी टेबलावर हात ठेवला. टेबल थरथरत होतं. ते रोजच थरथरायचं. आम्ही सगळे भिवंडीत वाढलेले किंवा भिवंडीत रुळलेले, लूमची धडधड आमच्या अंगात इतकी मुरलेली की ती बंद पडली तरच कळायची. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून आम्हालाही सुट्टी. मग कळणार कधी? टेबल थरथरत होतं, माऊस टेबलावर केसाकेसानं सरकत होता, आणि कॅमेरा बिचारा इमानदारीनं माऊसचं ऐकत होता. चूक कॅमेऱ्यात नव्हतीच. कधीच नव्हती.

जिन्यात आपांच्या चपलांचा आवाज आला. माझ्याकडे बोलायला अख्खं एक मिनिट होतं. "आपा, टेबलाला हात लावून बघा" — पाचच शब्द. मी गाव बंद केलं.

त्या म्हणाल्या, "पाय कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे.

पुढच्या शुक्रवारी, कॅमेरा मीही एकदा बघतो म्हणून, मी किरणदादांकडून किल्ली मागून घेतली. कारखाना शांत होता. घरून एक जुनी रबरी चप्पल आणली होती, निळ्या पट्ट्याची. तिच्या तळाचे चार तुकडे कापले आणि माझ्या टेबलाच्या चार पायांखाली सारले, बाहेरून दिसणार नाहीत असे. मग माझ्या संगणकावर आपांची सगळी ठिगळं काढून टाकली आणि त्यांचा अगदी पहिला, तीन आठवड्यांपूर्वीचा कॅमेरा परत बसवला. अक्षरही बदललं नाही. पुढचे चार दिवस मी काम करत असल्यासारखा दिसत राहिलो. आपा जेवायच्या वेळी डबा घेऊन माझ्याच टेबलाशी यायच्या.

"खा आधी. कॅमेरा कुठं पळून जात नाही."

मग स्वतःच हसायच्या. "पळतो म्हणून तर बसलायस ना, बेटा!"

त्यांचं कोपर माझ्या टेबलावर असायचं. त्या टेबलावर, जे एकटंच थरथरत नव्हतं. त्या वाढतील ते मी खायचो.

अंधेरीच्या बाई आल्या. माझ्याच संगणकावर बसल्या. मुलीला गढीच्या पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, माऊस सोडला. गाव उभं राहिलं. किरणदादांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय रं, जादूगार हाय का काय तू?" पहिली टाळी आपांची होती. खरी टाळी होती ती. मला माणसं कळतात असं मी म्हणत नाही, पण ती टाळी खरी होती.

मग त्यांनी विचारलं, "बता ना, चूक कुठं होती माझी?"

इथंही मला वाव होता. म्हणता आलं असतं, कुठंच नव्हती. मी म्हणालो, "वळणाच्या हिशेबात एक चिन्ह उलटं पडलं होतं, आपा. अधिकच्या जागी वजा."

"या अल्ला, एवढंसं?" त्यांनी कपाळावर हात मारला. मग वही काढली आणि ते लिहून घेतलं. पुन्हा चुकू नये म्हणून. त्यांनी फाइल उघडून पाहिली नाही. पाहिली असती तर आपलंच अक्षर न् अक्षर दिसलं असतं. पण मी सांगितलं होतं ना — मग कशाला बघायचं?

सीडी माझ्याच संगणकावरून निघाली, आणि अंधेरीत खाली लूम नव्हते, तिथं गाव हललं नाही. अंधेरीला मी गेलो. जायच्या दिवशी आपांनी मला एक पेन दिलं. आज जे काही आहे माझं, घर, आईचं औषधपाणी, मुलीची शाळा, त्या जागेपासून सुरू झालेलं आहे. आपांचं लग्न त्याच वर्षी झालं.

तीन-चार वर्षांनी त्यांचा फोन आला. त्या आता पडघ्याजवळच्या एका शाळेत संगणक शिकवत होत्या. "तुझ्याच गावाशेजारी आलेय रे पडघेकर, पोरांशी बोलायला ये." मी गेलो. खोलीत दहा जुने संगणक आणि दाटीवाटीनं बसलेली पोरं — गावातली, पाड्यावरची. आपा थोड्या जाड झाल्या होत्या, आवाज तोच. त्यांनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, "मी तीन आठवड्यांत जे करू शकले नाही, ते याने चार दिवसांत केलं. आणि चूक किती होती? एका चिन्हाची. बोला, आपण काय करतो?"

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आधी चिन्ह तपासतो!"

फळ्याच्या वर, कार्डबोर्डवर, स्केचपेननं तेच लिहिलेलं होतं. कडेला फुलांची नक्षी काढलेली. आपा माझ्याकडे अभिमानानं बघत होत्या, आई पुढे धावणाऱ्या पोराकडे बघते तशा. मी पोरांना म्हणालो, तुमच्या बाई सांगतात ते ऐका. आणि दिलेला चहा प्यायलो.

आपा अजून त्याच शाळेत आहेत. ईदला फोन करतात, मी उचलतो. तो कार्डबोर्ड अजून आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

एकही चिन्ह उलटं नव्हतं. खाली लूम चालू होते, आणि मला ते ठाऊक होतं.